घराचे तीन फ्लॅट, आणि गल्लीभर भांडण

आमच्या लायनीतल्या एका घराचे तीन फ्लॅट करायचा अर्ज कौन्सिलकडे (म्हणजे इथल्या नगरपालिकेकडे) गेला आणि गल्लीत दोन तट पडले, म्हणजे एक मोठा तट आणि दुसरीकडे मी आणि अजून एक-दोन घरं. आता ते प्रकरण मिटलंय म्हणून सविस्तर लिहिते. लंडनमध्ये किंवा आसपास राहणाऱ्या आपल्या लोकांना आज ना उद्या अशा अर्जावर म्हणणं मागणारं कौन्सिलचं पत्र येतंच, कधी शेजारी म्हणून, आणि नाही आलं तर असा फ्लॅट विकत घेताना तरी या सगळ्याशी गाठ पडते.

घरं कशी ते आधी सांगते. उत्तर-पश्चिम लंडनमधली, साधारण १९०० च्या आसपास बांधलेली, एकाला एक चिकटून उभी रांग. दोन्ही बाजूंची भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक, पुढे चार पावलांचं अंगण, मागे लांबट अरुंद बाग. आत शिरलं की चिंचोळा पॅसेज, जिना, खाली दोन खोल्या आणि मागे किचन, वर तीन बेडरूम. एका कुटुंबासाठी बांधलेलं घर आहे हे, आणि गेली कित्येक वर्षं अशाच घरांचे दोन-दोन तीन-तीन फ्लॅट होत आलेत, कारण लंडनमध्ये राहायला जागा हवी असलेली माणसं घरांपेक्षा जास्त आहेत. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं आणि अजूनही तेच आहे: फ्लॅट होऊ द्या, पण त्यात माणूस धड राहू शकेल असे होऊ द्या, आणि भांडायचं असेल तर त्याच मुद्द्यावर भांडा.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९९०, कलम ५५, त्यात स्पष्ट लिहिलंय की एकच राहतं घर असेल आणि ते दोन किंवा जास्त स्वतंत्र घरं म्हणून वापरायला लागलात तर तो वापरातला बदल झाला, म्हणजे प्लॅनिंग परमिशन हवीच, मग बाहेरून एक वीट हलवलेली नसली तरी. पण मालक लोक काय करतात, आधी घर एकच आहे असं ठेवून परमिटेड डेव्हलपमेंट नावाच्या सवलतीखाली लॉफ्ट, म्हणजे छपराखालचा माळा, वाढवून घेतात (रांगेतल्या घराला ४० घनमीटरपर्यंत चालतं), मागे एक्स्टेन्शन काढतात, त्याला पूर्ण अर्ज लागत नाही. घर एकदा फुगवून झालं की मग फ्लॅटचा अर्ज टाकायचा. फ्लॅट झाल्यावर तेच लॉफ्ट तसं बांधता आलं नसतं, कारण ती सवलत फक्त घरांना आहे, फ्लॅटना नाही. म्हणून हा क्रम. बेकायदा काही नाही यात, पण पत्र हातात पडतं तेव्हा अर्धं काम डोळ्यांसमोर होऊन गेलेलं असतं आणि लोक त्यामुळेच जास्त भडकतात. आमच्याकडे अगदी हेच झालं. वर्षभर मचाण, रविवारी सकाळी ड्रिल, आणि सगळं संपल्यावर कौन्सिलचं पत्र की तुमचं काही म्हणणं असेल तर २१ दिवसांत कळवा.

तरी हे पत्र येतं याचं मला अजून अप्रूप वाटतं. मी वाढले पुण्यात, तिथे शेजारचा वाडा पाडून सात मजले उभे राहिले तेव्हा आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं, भोवती पत्र्याचं कुंपण लागलं तेव्हा कळलं. इथे कुणीही सामान्य माणूस लिहू शकतो, नकाशे सगळे ऑनलाइन बघायला मिळतात, अर्ज तपासणाऱ्या कौन्सिलच्या केस ऑफिसरला तुमचं वाचावं लागतं. एवढा अधिकार हातात आहे तर तो नीट वापरावा ना. आणि हा एकच मोका असतो, कारण परमिशन मिळाली तर शेजाऱ्याला अपील करता येत नाही, अपील फक्त अर्जदाराला. शेजाऱ्याला उरतं कोर्ट, तेही सहा आठवड्यांत, तेही कायद्यातली चूक दाखवता आली तर, आणि त्याचा खर्च परवडणारं आमच्या गल्लीत तरी कोणी नाही.

तर पत्र आल्याच्या संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक मजकूर टाकला आणि सगळ्यांनी तोच कॉपी-पेस्ट करून पाठवायला सुरुवात केली. त्यात काय होतं? आमच्या घरांच्या किमती पडतील. पार्किंग आधीच नाही. गल्लीचं वळण बिघडेल. आणि शेवटी एक वाक्य, की भाड्याने राहणारे लोक आज आहेत उद्या नाहीत, त्यांना परिसराची काही पडलेली नसते.

यातली पहिली गोष्ट प्लॅनिंगमध्ये मोजतच नाहीत. घराची किंमत, खिडकीतून दिसणारा देखावा, बांधकामाचा तात्पुरता त्रास, मालक कसा माणूस आहे, यातलं काहीही ग्राह्य धरत नाहीत. उजेड अडतो का, खिडकीतून थेट आत दिसतं का, आवाज, कचरा, रस्त्याची सुरक्षितता, आत राहणाऱ्यांना पुरेशी जागा आहे का, हे धरतात. आणि पन्नास जणांनी एकच मजकूर पाठवला तरी मुद्दा एकच मोजला जातो. शेवटचं वाक्य मात्र मला लागलं. तिथे कोण राहणार हा प्लॅनिंगचा प्रश्नच नाही हे एक, पण त्याहून जास्त म्हणजे ते भाड्याने राहणारे लोक आम्हीच होतो. आम्ही दोघं इथे आलो तेव्हा अशाच एका कापलेल्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो, आपल्यातले निम्मेअधिक लोक इथूनच सुरुवात करतात, हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, कुठेही बघा. आमच्या डोक्यावर राहणारा मुलगा पहाटे शिफ्टवरून आला की त्याचा बूट काढून टाकल्याचा आवाज, मग दुसऱ्या बुटाचा आवाज, मग नळ, मग खुर्ची. तो बिचारा काही वावगं करत नव्हता. घर कापताना मधली जमीन कुणी धड केलीच नव्हती, जुन्या फळ्या, त्यावर पातळ कार्पेट, संपलं. आम्ही त्याच्यावर चिडायचो आणि खालच्या बाई आमच्यावर चिडायच्या, आणि ज्याने ते घर कापलं तो कुठेतरी लांब राहून महिन्याच्या महिन्याला तिघांकडून भाडं घ्यायचा.

म्हणून मी ग्रुपवरचा मजकूर पाठवला नाही, नकाशे उघडले. ते ए-थ्री कागदावर प्रिंट करून आणले आणि पट्टी घेऊन बसले, १:५० चं स्केल होतं म्हणजे कागदावरचे दोन सेंटीमीटर म्हणजे एक मीटर. लॉफ्टमधला स्टुडिओ ३९ चौरस मीटर दाखवला होता. हा आकडा काही असाच आलेला नाही, २०१५ पासून इंग्लंडभरासाठी जे जागेचं मानक आहे त्यात एका माणसाच्या फ्लॅटला ३९ चौरस मीटर लागतात, बाथटबऐवजी शॉवर असेल तर ३७. दोन माणसांच्या एका बेडरूमला ५०. पण त्याच मानकात हेही लिहिलंय की जिथे छताची उंची दीड मीटरपेक्षा कमी आहे ती जागा मोजायची नाही, फक्त सामान ठेवायला वापरत असाल तरच मोजायची. आणि निदान तीन चतुर्थांश जागेत उंची २.३ मीटर हवी, लंडन प्लॅनमध्ये (अख्ख्या शहराच्या विकास आराखड्यात) तर २.५. या नकाशात उतरत्या छताखालची सगळी पट्टी धरून ३९ झाले होते. ती पट्टी काढली की ३२ च्या आसपास उरत होते. पलंग दाखवला होता तो बरोबर त्या उताराखाली, म्हणजे सकाळी उठून सरळ बसलात तर डोकं आपटणार. नकाशात पलंग वरून दिसतो, त्यामुळे ते लक्षात येत नाही, छेद घेतलेलं ड्रॉइंग शेजारी ठेवून बघावं लागतं.

दुसरी गोष्ट खालच्या मजल्यावर. मधल्या खोलीची बेडरूम केली होती, आणि मागे एक्स्टेन्शन भरून काढल्यामुळे त्या खोलीची एकमेव खिडकी एका जेमतेम मीटरभर रुंद चौकात उघडत होती, समोर कोरी भिंत. कागदावर खिडकी आहे. पण त्या खिडकीतून दिवसा किती वाजता उजेड येणार? तिसरी गोष्ट, वरच्या फ्लॅटचं किचन आणि बसायची खोली बरोबर खालच्या बेडरूमवर. ज्याने कधी अशा फ्लॅटमध्ये रात्र काढलीये त्याला हे नकाशात बघताच कळतं. आणि कचरा, तीन फ्लॅटचे डबे त्या चार पावलांच्या अंगणात, रीसायकलिंगचे वेगळे, ओल्या कचऱ्याचे वेगळे, ते मांडून दाखवलेच नव्हते, नुसता एक चौकोन आणि त्यात "बिन्स" लिहिलेलं.

हे सगळं मी लिहून पाठवलं आणि खाली स्पष्ट लिहिलं की दोन चांगले फ्लॅट केले तर माझा पाठिंबा आहे. हे वाचून (ऑनलाइन असतं ना सगळं, नावासकट) समोरचे गुजराती काका मला गेटपाशी थांबवून म्हणाले, "बेन, तुम्ही आमच्या बाजूने का त्याच्या?" मी म्हटलं काका, जो तिथे राहायला येणार आहे त्याच्या बाजूने. त्यांना पटलं नाही तेव्हा. ते चाळीस वर्षं त्या घरात आहेत, त्यांनी गल्लीतली एकेक कुटुंबं जाताना बघितलीत आणि त्यांची भीती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. तीन बेडरूमचं बाग असलेलं घर एकदा गेलं की परत येत नाही, आणि दोन मुलं असलेल्या माणसाला तेच हवं असतं. बऱ्याच बरोंमध्ये (लंडनचे बरो, म्हणजे एकेका कौन्सिलचा भाग) म्हणूनच नियम आहे की मूळ घर ठराविक आकारापेक्षा लहान असेल तर कापू द्यायचं नाही, आणि कापलंच तर एक तरी फ्लॅट कुटुंबाला पुरेल एवढा मोठा, बागेशी जोडलेला हवा. हा नियम मला मनापासून पटतो. काकांना जे वाटत होतं ते या शब्दांत मांडता आलं असतं, पण ग्रुपवरच्या मजकुरात ते कुठेच नव्हतं, तिथे सगळा भर पार्किंगवर.

पार्किंगचं काय होतं तेही सांगते कारण सगळे तिथेच अडकतात. गाडी लावायला जागा नाही असं नुसतं म्हणून चालत नाही. लंडनमध्ये त्याची एक पद्धत आहे, लॅम्बेथ कौन्सिलने घालून दिलेली म्हणून लॅम्बेथ मेथडॉलॉजीच म्हणतात. कामाच्या दिवसांतल्या दोन वेगळ्या रात्री, साडेबारा ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान, घरापासून चालत २०० मीटरच्या आत किती गाड्या उभ्या आहेत आणि किती जागा रिकाम्या आहेत ते मोजायचं. मालकाच्या एजंटने असा सर्व्हे करून अर्जाला जोडला होता. विरोध करणाऱ्यांकडे संध्याकाळी सातला काढलेले मोबाईलचे फोटो होते.

प्रकरण कौन्सिलरांच्या प्लॅनिंग कमिटीसमोर गेलं. टाउन हॉलमध्ये संध्याकाळी बैठक, विरोधकांच्या वतीने बोलायला तीन मिनिटं. ऑफिसरने लॉफ्ट आणि त्या अंधाऱ्या बेडरूमवरून नाकारायचीच शिफारस केली होती, पण हॉल गच्च भरलेला, लोक तापलेले, मग कौन्सिलरांनी पार्किंगचंही कारण त्यात घातलं. टाळ्या पडल्या. मालक अपीलमध्ये गेला, त्याला सहा महिन्यांची मुदत असते. अपील जातं प्लॅनिंग इन्स्पेक्टरेटकडे, ते कौन्सिलच्या बाहेरचं, ब्रिस्टलला. इन्स्पेक्टर एक दिवस येऊन घर बघून गेले, कोणाशी वाद नाही, चर्चा नाही, फक्त बघायचं.

निकाल आला तो मी शब्दन् शब्द वाचला. अपील फेटाळलं. पण कशावर? लॉफ्टमधली उंची आणि जागा, खालच्या बेडरूमचा उजेड आणि समोरची भिंत, म्हणजे राहणाऱ्यांचं राहणीमान. पार्किंगचं कारण मात्र त्यांनी बाजूला काढलं कारण सर्व्हेला उत्तर देणारा एकही पुरावा कौन्सिलने दिला नव्हता. आणि वर तेवढ्या मुद्द्यापुरता मालकाचा अपीलचा खर्चही कौन्सिलवर बसवला, कारण पुराव्याशिवाय कारण घालणं हे गैरवाजवी वागणं धरतात. तो पैसा कुठून जाणार, आपल्याच कौन्सिल टॅक्समधून. मला त्या टाळ्या आठवल्या आणि खरंच राग आला. ज्या मुद्द्यासाठी अख्खी गल्ली रात्र-रात्र मेसेज करत होती त्यानेच नुकसान झालं, आणि जो मुद्दा तिथे राहायला येणाऱ्या अनोळखी माणसासाठी होता त्याने गल्लीचं काम झालं.

अजून एक गोष्ट जी ग्रुपवर कुणी विचारातच घेत नव्हतं. समजा मालकाला फ्लॅट करूच दिले नाहीत, तर तो काय घर रिकामं ठेवणार आहे? २०१० पासून तीन ते सहा अनोळखी माणसांचं एकत्र राहणं हा सी-फोर नावाचा वेगळा वर्ग आहे, आणि जिथे कौन्सिलने आर्टिकल ४ (अशी मोकळीक काढून घेणारा आदेश) लावून अडवलेलं नाही तिथे साध्या घराचं असं खोल्या-खोल्यांचं घर करायला प्लॅनिंग परमिशनच लागत नाही. पाच किंवा जास्त माणसं असतील तर लायसन्स लागतं, २०१८ पासून मजले कितीही असोत, आणि झोपायच्या खोलीला एका मोठ्या माणसाला निदान ६.५१ चौरस मीटर हवेत. साडेसहा चौरस मीटर म्हणजे पलंग, कपाट आणि दार उघडायची जागा. बाकी किचन सामाईक, बाथरूम सामाईक. दोन नीट फ्लॅटपेक्षा हे बरं आहे का? कुणासाठी बरं आहे? मी हे काकांना नकाशा काढून दाखवलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "एवढ्या खोलीत माणूस राहील कसा."

आणि जे कुणाला न विचारता होतं ते तर वेगळंच. आमच्याच रांगेत खाली एक घर आहे, तिथे अर्ज नाही, पत्र नाही, एक दिवस दाराला दुसरी बेल लागली, मग पुढच्या भिंतीवर दुसरा मीटर. पूर्वी असं चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही तर कौन्सिलला काही करता यायचं नाही, मालक भाडेकरार आणि कौन्सिल टॅक्सची बिलं जोडून कायदेशीर असल्याचं सर्टिफिकेट घेऊन यायचा. २५ एप्रिल २०२४ पासून ती मुदत दहा वर्षं झालीये (त्याआधी पुरं झालेल्या कामांना जुनीच चार वर्षं लागू). फार चांगलं झालं. कारण असं गुपचूप केलेल्या घरात बिल्डिंग कंट्रोलचा, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झालंय का ते तपासणारा, माणूस कधी आलेलाच नसतो, म्हणजे दोन फ्लॅटच्या मधे आग अडवणारी जमीन आहे का, एकच लाकडी जिना आहे तर त्याला दरवाजे कसले आहेत, धुराचे अलार्म एकमेकांना जोडलेत का, हे बघितलेलंच नसतं. मी त्या घराची तक्रार केली. शेजाऱ्यांत कुजबुज झाली की भाडेकरूंना बाहेर काढतील बिचाऱ्यांना. मलाही ती काळजी होती, खोटं कशाला बोलू, पण वरच्या मजल्यावर एक लहान मूल आहे आणि खाली गॅसची शेगडी आहे, आणि मधे काय आहे ते कुणालाच माहीत नाही.

तर आमच्या घराचं शेवटी असं झालं. मालकाने नवा अर्ज टाकला, दोन फ्लॅट. खाली दोन बेडरूमचा, बागेसकट, कुटुंबाला पुरेल असा, मधल्या खोलीत स्टोअर आणि बाथरूम, म्हणजे अंधाऱ्या जागी कुणाला झोपायचं नाही. वर आणि लॉफ्ट मिळून दुसरा, लॉफ्टमध्ये फक्त एक बेडरूम आणि उताराखाली कपाटं. किचनवर किचन, बेडरूमवर बेडरूम. डब्यांना पुढे झाकलेली जागा. या वेळी मी सपोर्ट म्हणून लिहिलं (लोकांना माहीतच नसतं की पाठिंबाही लिहून कळवता येतो) आणि काकांनी विरोध केला नाही, एवढंच. परमिशन मिळाली. काम चालू असताना पार्टी वॉल ॲक्टची (सामाईक भिंतीच्या कायद्याची) नोटीस आली ती मात्र वेगळी भानगड आहे, १९९६ चा कायदा, त्याचा प्लॅनिंगशी काही संबंध नाही, उत्तर १४ दिवसांत द्यायचं आणि नुसती सही करून टाकायची नाही, भिंतीचे आधीचे फोटो आणि रिपोर्ट मागायचा.

डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलं की कुणी ना कुणी तरुण जोडपं भेटतंच, आम्ही एक कन्व्हर्जन फ्लॅट बघितलाय, उंच छत आहे, जुनी फायरप्लेस आहे, घेऊ का? घ्या की, सुंदर असतात, पण सॉलिसिटरला हे विचारा. फ्लॅट केल्याची प्लॅनिंग परमिशन कुठल्या सालची, नसेल तर कायदेशीर असल्याचं सर्टिफिकेट आहे का. बिल्डिंग कंट्रोलचं कम्प्लिशन सर्टिफिकेट दाखवा म्हणावं. कन्व्हर्जनमध्ये दोन फ्लॅटच्या मधल्या जमिनीने निदान ४३ डेसिबल आवाज अडवायला हवा, त्याची टेस्ट झाली असेल तर रिपोर्ट असतो, तो मागा. लीज किती वर्षं उरलंय आणि छत गळलं तर खर्च कोणाकोणात. घर १९९१ च्या बिल्डिंग रेग्युलेशन्सप्रमाणे केलेलं नसेल आणि दोन तृतीयांशपेक्षा कमी फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहत असतील तर हाउसिंग ॲक्ट २००४ च्या कलम २५७ खाली ती अख्खी इमारतच एचएमओ (अनेक कुटुंबांनी मिळून राहायचं घर) ठरते, आणि काही कौन्सिल त्याला लायसन्स मागतात, हे विकणारा आपणहून सांगत नाही. आणि बघायला जाल तेव्हा शनिवारी दुपारी जाऊ नका, वरचे लोक घरी असतील अशा संध्याकाळी जा, बेडरूममध्ये पाच मिनिटं न बोलता उभे राहा आणि वर काय चाललंय ते ऐका.